मोकळा दिवस

(बी. ए. भाग दोन)

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत परदेशच्या सहलींच्या जाहिराती येतात. दुबई-अबुधाबी, पाच रात्री सहा दिवस. इजिप्त, आठ दिवस. जॉर्डन, सात दिवस. त्यांत रोजचा कार्यक्रम नीट आखून दिलेला असतो. पहिल्या दिवशी विमानतळावर स्वागत, दुसऱ्या दिवशी शहरदर्शन, तिसऱ्या दिवशी वाळवंटाची सफर, उंटावर बसणे, रात्री तंबूत जेवण. शेवटच्या दिवसापुढे मात्र बहुधा दोनच शब्द असतात : ‘मोकळा दिवस’. एखादी कंपनी त्याला ‘विश्रांती व खरेदी’ अशी पुस्ती जोडते. साऱ्या जाहिरातीत मला विचार करण्याजोगी वाटते ती हीच ओळ. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे हे कोणीही सांगेल. पण परक्या देशात हाती आलेल्या एका रिकाम्या दिवसाचे करायचे काय, हे कोणी सांगत नाही. त्याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

मी अजून वाळवंट पाहिलेले नाही आणि विमानातही बसलेले नाही. तेव्हा हिला या विषयावर बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न वाजवी आहे. माझे उत्तर असे की, प्रवासाच्या व्यवहारात दोन पक्ष असतात. एक प्रवास करणाऱ्यांचा आणि दुसरा ज्यांच्या गावावरून प्रवास जातो त्यांचा. मी दुसऱ्या पक्षातली आहे. आमच्या बिरसीला इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, धावपट्टी बांधली. डिसेंबर २००५ मध्ये ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. पुढे वैमानिक घडवणारी संस्था आली आणि मार्च २०२२ मध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. धानाच्या बांधीत निंदण करताना मान वर केली की शिकाऊ विमान दिसते. ते चढते, एक घिरटी घालते, त्याच पट्टीवर टेकते आणि पुन्हा चढते. आमच्याकडची म्हातारी माणसे गमतीने विचारतात, “दिवसभर फिरते, पर जाते कुठं जी हे?” शिकणाऱ्याला तशीच घिरटी घालावी लागते, हे मला ठाऊक आहे. परंतु हाच प्रश्न आखीव सहलींनाही विचारता येतो, आणि त्याचे उत्तर शेवटच्या मोकळ्या दिवसात सापडते असे माझे मत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आखीव सहलींची टिंगल करण्याची आपल्या सुशिक्षितांत एक रूढीच पडली आहे. मेंढरांसारखे हाकलले जातात, पाटीमागे धावतात, परदेशात जाऊनही वरणभात मागतात, वगैरे वगैरे. ही टिंगल करणाऱ्यांच्या घरी बहुधा एक-दोन पिढ्यांपूर्वीच पासपोर्ट आलेला असतो. ज्या घरात अर्ज कसा भरावा हे सांगणारे कोणी नाही, त्या घरातल्या माणसाला पहिल्या वेळी बोट धरणारा लागतो. मला महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज भरताना लागला. त्यात कमीपणा कसला? साठ वर्षांचा निवृत्त कारकून आणि त्याची कधी मुंबईही न पाहिलेली पत्नी जर कोणाच्या तरी भरवशावर समुद्रापलीकडे जाऊन सुखरूप परत येत असतील, तर ती हसण्याची नव्हे, कौतुकाची गोष्ट आहे.

आखीव सहलीचा जन्मही साध्या माणसांसाठीच झाला. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडात टॉमस कुक नावाच्या दारूबंदी-प्रचारकाने लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसांना आगगाडीने नेले. भाडे माणशी एक शिलिंग. दारूच्या गुत्त्यात जाणारा कामकऱ्यांचा दिवस दुसरीकडे लावावा, हा त्याचा हेतू. म्हणजे मोकळा दिवस कसा घालवावा या प्रश्नातूनच आखीव सहल जन्मली! पुढे १८६९ साली, सुएझचा कालवा खुला झाला त्याच वर्षी, कुकने आपली पहिली तुकडी इजिप्त आणि पॅलेस्टाइनला नेली, आणि वाळवंट हे पैसे भरून पाहण्याचे ठिकाण झाले. १८८१ मध्ये या कंपनीची कचेरी मुंबईत उघडली. आपल्या मराठी मध्यमवर्गाला या वाटेवर आणले ते मात्र आपल्याच माणसांनी. १९८४ साली केसरी पाटील यांनी केसरी टूर्स सुरू केली आणि २०१३ साली वीणा पाटील यांनी वीणा वर्ल्ड. मराठी बोलणारा मार्गदर्शक, ओळखीच्या चवीचे जेवण आणि सोबतीला आपल्यासारखीच माणसे, एवढ्या आधारावर हजारो कुटुंबांनी उंबरा ओलांडला.

खरे म्हणजे आखीव सहल आपल्याला नवीन नाहीच. पंढरीची वारी दुसरे काय आहे? ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. कोणता मुक्काम कुठे, विसावा कुठे, रिंगण कुठे, हे सारे ठरलेले. दिंड्यांना क्रमांक असतात. चोपदाराने दंड वर केला की हजारो माणसे गप्प होतात. पण वारीचा शेवट कसा होतो तो पाहा. एकादशीला दर्शन झाले म्हणजे वारी संपली असे होत नाही. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो. आपल्या गावोगावच्या सप्ताहाचेही तसेच. सात दिवस पारायण, पण शेवट काल्याच्या कीर्तनाने. ‘काला’ या शब्दाचा अर्थच मिसळणे. तुझी शिदोरी आणि माझी शिदोरी एकत्र करायची आणि एकमेकांच्या हातचे खायचे. सहा दिवस मान वर करून पाहिले, ऐकले. सातव्या दिवशी शेजाऱ्याकडे पाहायचे. आपल्या पूर्वजांनी शेवटचा दिवस कशासाठी राखला होता, हे यावरून कळते. आजच्या परदेश-सहलीत तोच दिवस बाजारासाठी राखलेला असतो.

आता वाळवंटाविषयी. दुबईच्या सहलीत वाळवंटासाठी साधारणतः एक दुपार आणि एक संध्याकाळ मिळते. मोठ्या चाकांची मोटार वाळूच्या टेकड्यांवरून वरखाली उसळते, माणसे किंचाळतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात. मग तंबूत मेंदी, नाच आणि जेवण. मजा येत असणारच, त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण एवढ्याने वाळवंट कळत नाही. आणि जे कळायला हवे ते पाहायला फार पैसेही लागत नाहीत.

या देशाची आणि आपली ओळख किती जुनी आहे, ते थोडे सांगते. खनिज तेल सापडण्यापूर्वी हा किनारा मोत्यांवर जगत होता. पाणबुडे समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले काढत आणि ते मोती विकायला मुंबईच्या बाजारात येत. १९२९ नंतर जागतिक मंदी आली, जपानचे कृत्रिम रीतीने वाढवलेले मोती आले, आणि हा धंदा बुडाला. अबुधाबीत तेल सापडले १९५८ साली आणि दुबईत १९६६ साली. त्या १९६६ सालापर्यंत तिथे व्यवहारात चलन होते ते भारतीय रुपयाचे. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटाही काढत असे. २ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिरातींचे राष्ट्र झाले. म्हणजे ते राष्ट्र माझ्या वडिलांच्या पिढीचे आहे. आज तिथे पस्तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात आणि मूळचे नागरिक त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी आहेत. मुंबईला मोती विकणारा आणि आपला रुपया वापरणारा हा शेजारी होता, हे ज्याला ठाऊक आहे तो तिथल्या मोकळ्या दिवशी निराळ्या नजरेने हिंडेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. अबुधाबी अमिरातीत अल ऐन नावाचे गाव आहे. तिथे डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून पाटाने आणून खजुराच्या बागांना देण्याची रीत सुमारे तीन हजार वर्षांपासून आहे. या पाटाला ‘फलज’ म्हणतात. पाणी उताराने आपोआप वाहते आणि प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या पाळीप्रमाणे मिळते. २०११ साली युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत घातले. हे वाचले तेव्हा मला आमच्या भंडारा-गोंदियाचे तलाव आठवले. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, गावोगावच्या बोड्या, तिथून निघणारे पाट आणि पाण्याच्या पाळ्या. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो आणि तिकडे नावालाही पडत नाही; तरी पाण्याची पाळी कोणाची, यावरून दोन्हीकडे माणसे एकत्र बसतात आणि भांडतातही. धान पिकवणाऱ्या माणसाला वाळवंटात सर्वांत आधी हे दाखवले पाहिजे. पण सहलीच्या कार्यक्रमात उंट असतो, पाट नसतो.

आता एक ऐकलेली हकीकत सांगते. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका गेल्या हिवाळ्यात यजमानांबरोबर अशाच सहलीला दुबईला गेल्या होत्या. शेवटच्या दिवशी बाकीची मंडळी सोन्याच्या बाजारात गेली. बाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या दोघांनी बाजार टाळला आणि खाडीकाठी जाऊन बसली. दुबई शहराच्या मधून खाडी जाते आणि तिच्यावरून ‘अब्रा’ नावाच्या लाकडी नावा या काठावरून त्या काठावर माणसे नेतात. भाडे एक दिरहम. बाई म्हणाल्या, “पाच दिवसांत सगळ्यांत स्वस्त गोष्ट ही, आणि लक्षात राहिली तीही हीच.” ती दोघे नावेने पलीकडे गेली, चहा घेतला, परत आली, पुन्हा गेली. जवळच अल फहिदीचा १७८७ सालचा किल्ला आहे आणि वाऱ्याचे मनोरे असलेली जुनी घरे आहेत. हे मनोरे वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतात. वीज नव्हती तेव्हा माणसे अशी जगत. त्या घरांच्या सावलीत ती दोघे बराच वेळ बसून राहिली.

परतीच्या नावेत त्यांचे मराठी ऐकून शेजारच्या माणसाने विचारले, “कोन्या गावचे जी तुमी?” तो निघाला आमगावकडचा. तिथे बांधकामावर वेल्डिंगचे काम करणारा. चार वर्षे झाली होती आणि त्या दिवशी त्याची आठवड्याची सुट्टी होती. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, “यंदा धान कसा हाय?” बाईंनी सांगितले, बरा आहे, कापणीच्या वेळी पाऊस आला म्हणून थोडा पडला. मग बाईंनी विचारले, वाळवंटाची सफर केलीत का? तो हसला. म्हणाला, “आमी तं वारूतच राहतो बाई. सफर कायले करू?” त्यांची मजुरांची वसाहत शहराबाहेर, वाळूच्या कडेलाच होती. उन्हाळ्यात तिकडे १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम आहे. त्या अडीच तासांत सावलीत पडून राहतो, तेच आमचे वाळवंट, असे तो म्हणाला. उतरताना त्याने बाईंच्या यजमानांना नमस्कार केला आणि त्यांच्या नावेचे पैसे देऊन टाकले. त्यांनी कितीही नको म्हटले तरी ऐकले नाही.

ही हकीकत मी फुगवून सांगत नाही. तिच्यात मोठे असे काही घडलेले नाही. पण विचार करा, तो दोघांचाही मोकळा दिवस होता. एकाने तो सहलीच्या पैशांत विकत घेतलेला आणि दुसऱ्याने सहा दिवसांच्या घामाने मिळवलेला. सोन्याच्या बाजारात गेलेल्या मंडळींनाही त्या दिवशी आपल्या मुलखाची माणसे भेटलीच असतील. कोणी दार उघडणारा, कोणी सामान उचलणारा, कोणी हॉटेलात चादर बदलणारा. परंतु पाच दिवस त्यांच्याकडे ‘सेवा’ म्हणून पाहिल्यावर सहाव्या दिवशी माणूस म्हणून पाहणे जमत नाही. त्यासाठी घाई नसलेला दिवस लागतो. काला तिथे, त्या नावेत झाला असे मी म्हणते.

इथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करायला हवी, नाहीतर माझे म्हणणे एकांगी होईल. शेवटच्या दिवशी कुठेही न जाता हॉटेलात पडून राहणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. विशेषतः बायकांना. आमच्या घरी आई पहाटे पाचला उठते. सडा, चूल, डबे, मग बांधी. लग्न झाल्यापासून तिला दुसऱ्याने करून दिलेला सकाळचा चहा किती वेळा मिळाला असेल, हे मी बोटांवर मोजू शकते. अशा बाईला जर आयुष्यात एकदा, कुठल्याशा दूरच्या देशात का होईना, नऊ वाजेपर्यंत झोपता आले आणि चहा आयता मिळाला, तर तिने खिडकीतून समोरची वाळू पाहिली नाही तरी चालेल. फक्त महिलांसाठी निघणाऱ्या सहलींना एवढा प्रतिसाद का मिळतो, याचे उत्तर प्रेक्षणीय स्थळांत नाही, या आयत्या चहात आहे. विश्रांती हासुद्धा प्रवासाचा हक्काचा भाग आहे. माझा आक्षेप विश्रांतीवर नाही. विश्रांतीच्या नावाखाली जी दमछाक चालते तिच्यावर आहे. यादी हातात घेऊन बाजार पालथा घालायचा, अमक्याला अत्तर, तमक्याला खजूर, शेजारणीला दाखवायला बांगडी. संध्याकाळी पाय सुजलेले, बॅगेचे वजन जास्त भरलेले आणि तोंडावर चिडचिड. याला मोकळा दिवस कोणी म्हणावे?

खरेदी करूच नये, असेही मी म्हणत नाही. पूर्वीचा वारकरीसुद्धा पंढरपूरहून बुक्का, चुरमुरे, तुळशीची माळ आणीत असे. रिकाम्या हाताने घरी येणे आपल्याकडे बरे दिसत नाही. पण त्याला तास-दोन तास पुरतात. अख्खा दिवस तेवढ्यासाठी खर्चणे म्हणजे सप्ताहाचा काला सोडून दुकानांच्या रांगेत उभे राहण्यासारखे आहे.

हे सारे मी परक्या देशाविषयी लिहीत असले तरी मला ते सुचले आमच्याच जिल्ह्यावरून. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये घोषित झाला. तिथे पर्यटक येतात, चोरखमारा किंवा पिटेझरीच्या फाटकातून जिप्सीने आत जातात, वाघ दिसला तर आनंदाने आणि न दिसला तर हिरमुसून बाहेर पडतात, आणि निघून जातात. जिप्सीतला मार्गदर्शक बहुधा जवळच्या गावचा मुलगा असतो. त्याला वाघाविषयी शंभर प्रश्न विचारले जातात. तू काय शिकलास, तुझ्या गावात तलाव कोणी बांधला, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायला कोण जाते, हे मात्र कोणी विचारत नाही. सारस पक्षी महाराष्ट्रात मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात उरला आहे, आणि तो आमच्या धानाच्या बांधीत घरटे करतो. पाहायला येणाऱ्याला सारस दिसतो. घरट्याभोवतीचे धान न कापता सोडणारा शेतकरी दिसत नाही. आमच्याकडे येणाऱ्यांनी आमच्याशी जसे वागावे असे आम्हांला वाटते, तसेच आपण दुसऱ्यांच्या देशात वागावे, एवढाच माझा साधा मुद्दा आहे.

आणि याच भूमीवर याच्या उलट उदाहरणही आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला आले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहून गेले. ते तिथे राहिले, माणसांत बसले, पाखरांची स्थानिक नावे शिकले. एवढा काळ कोणत्याच पर्यटकाला मिळणार नाही, हे खरे. पण त्यांच्या रीतीचा एक दिवस तर मिळू शकतो! मीना प्रभूंनी ‘इजिप्तायन’, ‘तुर्कनामा’ अशी पुस्तके लिहिली, तीही कोणाच्या पाटीमागे चालून नव्हे. स्वतः हिंडून, स्वतः विचारपूस करून. सगळ्यांना हे धाडस जमणार नाही. म्हणूनच मी म्हणते, पाच दिवस खुशाल पाटीमागे चालावे, पण सहावा दिवस आपला असावा.

यावर तीन आक्षेप येतील असे दिसते. पहिला सुरक्षिततेचा. परक्या देशात एकट्याने कसे हिंडावे? त्याला उत्तर असे की, पाच दिवस मार्गदर्शकाबरोबर फिरून एवढे धैर्य आले पाहिजे. नसेल आले तर त्या पाच दिवसांत आपण काय शिकलो? दोघा-चौघांनी मिळून, हॉटेलचा पत्ता लिहिलेला कागद खिशात ठेवून, दिवसाउजेडी नावेत बसायला काय हरकत आहे? दुसरा आक्षेप भाषेचा. आखातात तर तो लागूच नाही. तिथे हिंदीवर निभावते, आणि मराठीही भेटते, हे आपण वर पाहिले. तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. माणसे म्हणतात, “आयुष्याची पुंजी मोडून आलो आहोत, पुन्हा येणे होणार नाही, मग एक दिवस नुसते बसून वाया कसा घालवायचा?” हा आक्षेप मला कळतो, कारण आमच्या घरातही असाच हिशेब होतो. पैसा मोजला की त्याचे पुरेपूर माप पदरात पडले पाहिजे. पण धानाचे माप पायलीने होते, दिवसाचे होत नाही. परत आल्यावर शेजारी विचारतात, काय पाहिले? तेव्हा इमारतींची नावे दोन मिनिटांत संपतात. मग माणूस बोलू लागतो ते कोण भेटले, काय म्हणाले, काय खाऊ घातले याविषयी. त्या शिक्षिकाबाई आमच्या ओट्यावर बसून तासभर बोलल्या. त्यातली पाच मिनिटे बुर्ज खलिफाला मिळाली आणि बाकीची सारी नावेतल्या वेल्डरला. ज्या दिवसाला ‘वाया’ म्हणायचे, त्याचेच माप जास्त भरले.

सहल कंपन्यांनाही एक विनंती करावीशी वाटते. ‘मोकळा दिवस’ एवढे लिहून त्यांनी हात झटकू नयेत. आदल्या रात्री मार्गदर्शकाने अर्धा तास बसून सांगावे की या शहरात पायी फिरण्याजोगी जुनी वस्ती कुठे आहे, नाव कुठून सुटते, साधी खानावळ कोणती, आपल्या मुलखाची माणसे सुट्टीच्या दिवशी कुठे जमतात. याला खर्च येत नाही. दुकानापुढे मोटार उभी करण्यापेक्षा हे अवघड आहे, हे मात्र खरे.

शेवटी आपल्या घरची गोष्ट. दरवर्षी आपल्या महाविद्यालयाची शैक्षणिक सहल निघते. तीन दिवसांत सात ठिकाणे असतात, बस रात्रभर धावते, सकाळी डोळे चोळत आपण किल्ला पाहतो, दुपारी मंदिर, संध्याकाळी धरण, आणि परत आल्यावर वहीत सातही नावे लिहितो. आमच्यापैकी कित्येकांसाठी जिल्ह्याबाहेरचा हा पहिलाच प्रवास असतो. अनेक मुलींना घरून परवानगी मिळते तीही ‘प्राध्यापक सोबत आहेत’ या एका वाक्यावर. माझ्याही घरी ती तशीच मिळते. तेव्हा सहल आखलेली असावी, प्राध्यापकांनी सोबत असावे, याबद्दल वाद नाही. पण सातांतली दोन ठिकाणे कमी करावीत आणि शेवटचा दिवस एकाच गावात मोकळा ठेवावा. चार-चारांचे गट करावेत, संध्याकाळी कोठे जमायचे ते ठरवून द्यावे, आणि प्रत्येक गटाने त्या गावच्या एका माणसाशी बोलून यावे. विणकर असेल, नावाडी असेल, चहावाली असेल. परतीच्या बसमध्ये प्रत्येकाने आपल्या माणसाविषयी सांगावे आणि उरलेल्या शिदोऱ्या एकत्र करून खाव्यात. यंदाची सहल ठरवण्यासाठी सहल समितीची बैठक होईल तेव्हा माननीय प्राध्यापकांनी या सूचनेचा विचार करावा, आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी ती तिथे मांडावी, अशी माझी विनंती आहे.